गोदावरीत टोबोट? नाशिक राष्ट्रीय जलमार्गावर आहे म्हणे!

पंचवटीकर (धागाकर्ता)

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याची यादी चाळत होतो. (हो, माझे छंद असेच आहेत.) देशभरात एकूण १११ जलमार्ग. त्यातला चौथा म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचे कालवे, अधिक कृष्णा, अधिक गोदावरी. २००८ साली तो जाहीर झाला तेव्हा गोदावरीचा भद्राचलम ते राजमहेंद्री एवढाच पट्टा त्यात होता. २०१६ मध्ये त्याचं वरचं टोक कुठे नेऊन ठेवलंय माहितीये? नाशिकला! म्हणजे सरकारदरबारी आपण राष्ट्रीय जलमार्गावरचं शहर आहोत आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही.

इकडे मी गेले काही महिने रात्री जेवण झालं की मिसिसिपीवरच्या टोबोटींचे व्हिडिओ लावून बसतो. एक बोट, तिच्यापुढे पंधरा बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नावा) बांधलेले, आणि वर काचेच्या केबिनमध्ये एकटा माणूस कॉफी पीत ते सगळं धूड वळणावरून काढतोय. बायको विचारते, यात होतं काय? काहीच होत नाही, तीच तर मजा आहे.

तर, असलं काही आपल्याकडे का नाही? गोदावरीत कधी होईल का? आणि इथे कुणी बार्जवर, लाँचवर, साध्या नावेवर काम केलंय किंवा जवळून पाहिलंय का? सविस्तर लिहा, घाई नाही.

तिरकस

पहिला बार्ज आपल्या गोदेवरच्या रामसेतू पुलाखालून कसा काढणार तेवढं सांगा. मग पुढचं वाचतो.

डॉ_चिवडा

पाण्याची खोली मोजायला यंत्र नको, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहेच. गुडघ्याला पाणी: रिकामा बार्ज. कमरेला: अर्धा लोड. गळ्याला: बार्ज थेट सराफ बाजारात, सोनं घरपोच.

सायखेडेकर

डॉक्टर, तुमचा मारुती कमरेला भिजला की आमच्याकडे सायखेडा-चांदोरीत धान्याची पोती माळ्यावर चढतात. तुम्ही पूर बघायला होळकर पुलावर जाता, आम्ही घर रिकामं करतो. राग नाही, पण दोन्ही टोकं माहीत असावीत म्हणून लिहिलं.

मूळ प्रश्नाबद्दल. गंगेला (आम्ही गोदावरी म्हणतच नाही) पाणी येतं ते अंगावर येतं. वरून गंगापूर धरण, बाजूने दारणा धरण, दोन्हीकडून एकदम सोडलं की काठ दिसत नाही. आणि उन्हाळ्यात बघाल तर पाण्यापेक्षा पाणवेली जास्त. पुलाच्या मोऱ्यांना त्या अशा अडकतात की पुराच्या वेळी पोकलेन लावून काढाव्या लागतात. यात बोट चालवायची म्हणजे आधी आठ महिने नांगरट करावी लागेल.

नावा मात्र होत्या. पूल नव्हते तेव्हा भोयांची नाव पैलतीरी न्यायची. रोख पैसे क्वचित. सुगीला खळ्यावर येऊन नावाडी धान्य घेऊन जायचा, आणि मग वर्षभर गावातल्या कुणालाही, अगदी माहेरपणाला आलेल्या लेकीबाळींनाही, फुकट. बाहेरगावचा असेल तर पैसे. आमची आजी सांगायची, नावेत गाय चढवायची तर आधी वासरू चढवायचं.

पंचवटीकर

दादा, ही गाय-वासराची गोष्ट एकदम भारी. अजून असेल तर येऊ द्या.

मोलीनचा_मंदार

मूळचा सिडकोचा, सध्या अमेरिकेत मोलीनला ट्रॅक्टर कंपनीत. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर मिसिसिपीचं १५ नंबरचं लॉक आहे, रॉक आयलंडला. (लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेली पेटी, पाणी भरून-सोडून बोटी वर-खाली करायची.) तिथे बघायला गॅलरी आहे, फुकट. आईबाबा आले की मी त्यांना मॉलमध्ये न नेता तिथे नेतो. बाबा खूश, आई दुसऱ्या दिवसापासून यायला नकार देते.

व्हिडिओत जे कळत नाही ते लिहितो. टोबोट नाव असलं तरी ती ओढत नाही, ढकलते. तिचं नाक सपाट असतं आणि पुढे दोन उभे जाड खांब, त्यांनी ती बार्जच्या ढुंगणाला टेकते. मग जाड वायरदोर घालून, रॅचेट पिळून पिळून सगळं इतकं घट्ट करतात की पंधरा बार्ज आणि बोट मिळून एकच लांबलचक जहाज होतं. तीन रुंद, पाच लांब. एक बार्ज १९५ फूट बाय ३५ फूट आणि त्यात साधारण १५०० टन माल. म्हणजे एका खेपेला साडेबावीस हजार टन मका-सोयाबीन.

आता गंमत. लॉकची पेटी ६०० फुटांची आणि हे धूड बोटीसकट हजारावर. मग काय करतात? पहिले नऊ बार्ज आत ढकलतात. डेकवरची पोरं वायर सोडतात. बोट उरलेले सहा घेऊन मागे सरते. दार बंद, पाणी पंधरा-सोळा फूट खाली. पुढचं दार उघडलं की विंचने ते नऊ बार्ज बाहेर ओढून बांधून ठेवायचे. पेटी पुन्हा भरायची, मग सहा बार्ज आणि बोट आत. खाली गेल्यावर सगळं पुन्हा जोडायचं. दीड-दोन तास सहज. डोक्यावर तिथला पूल आहे, त्याचा गाळा आडवा फिरतो, तोवर गाड्या रांगेत आणि कुणी हॉर्न वाजवत नाही. (हे शेवटचं नाशिककरांसाठी.)

हिवाळ्यात डिसेंबर ते मार्च वरची नदी गोठते, वाहतूक बंद. माणसं बोटीवर सलग २८ दिवस राहतात, सहा तास काम, सहा तास सुट्टी, पुन्हा सहा तास काम. एका डेकहँडशी गप्पा झाल्या होत्या. म्हणाला, पगार बरा, जेवण उत्तम, झोप कधीच पूर्ण नाही.

ट्रान्सपोर्टवाला

२२,५०० टन म्हणजे माझ्या २५ टनी गाडीने ९०० खेपा. वाचूनच पोटात गोळा आला.

पण भाऊ, कांद्याचं गणित वेगळं आहे. लासलगावहून न्हावाशेव्याला गाडी रात्री निघाली की घाट उतरून सकाळी गेटवर. बोटीने न्यायचा तर आधी गाडीत भरा, धक्क्यावर उतरवा, बोटीत भरा, तिकडे परत उतरवा. प्रत्येक उचलीला हमाली आणि प्रत्येक उचलीला थोडा कांदा चेंबणार. त्यातून गोदावरी वाहते पूर्वेला आणि बंदर आहे पश्चिमेला! कांदा काकीनाड्याला पाठवून काय करू, सांबारात घालू?

तिरकस

हा मुद्दा सगळ्यांनी सोडलाच होता की. नदीच उलट्या दिशेने जाते. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

खलाशीबुवा

बंद कशाला करता, आत्ता कुठे रंगायला लागलाय.

मी गोव्यात खनिजाच्या बार्जवर ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर म्हणजे इंजिनवाला. सुकाणूवर सारंग, खाली मी, डेकला खलाशी आणि जेवणाला भंडारी. नाशिकला मुलाकडे राहायला आलो त्याला आता बराच काळ झाला, पण तो तेलाचा वास अजून नाकातून जात नाही.

आमचे बार्ज अमेरिकेसारखे बांधून ढकलायचे नाहीत. प्रत्येकाला आपलं इंजिन. वर डिचोलीकडच्या धक्क्यांवर लाल माती भरायची, मांडवीतून खाली पणजीच्या पुलांखालून मुरगावला मोठ्या जहाजापाशी न्यायची. घड्याळ आमचं नव्हतं, भरतीचं होतं. भरलेला बार्ज भरतीच्या पाण्यावर निघायला हवा, नाहीतर पुढे गाळात बसतो. बसला की पुढच्या भरतीपर्यंत पत्ते कुटा. रात्री दोनला भरती असेल तर रात्री दोनला इंजिन चालू.

पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी, आग्वादपाशी, वाळूचा दांडा इतका खवळतो की तिथून बाहेर पडणं धोक्याचं. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून आडवं जाऊन झुआरीत उतरायचं. अरुंद, वळणावळणाचं, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि चिखलात पडून राहिलेल्या मगरी. नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या खेपेला पुढे उभं करायचे आणि सांगायचे, वाकून दोर धर. तो मगर बघायचा आणि थेट माझ्या इंजिनरूममध्ये.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि बार्ज जागच्या जागी उभे राहिले. पुन्हा सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा थांबलं. उभ्या बार्जला जेवढा गंज लागतो तेवढा चालत्याला कधी लागत नाही. कित्येकांनी कर्ज काढून बार्ज घेतले होते.

ट्रान्सपोर्टवाले दादा म्हणतात ते बरोबर. बार्जचा माल म्हणजे माती, कोळसा, गिट्टी, राख. जो उशिरा पोचला तरी रडत नाही तो.

शरयू_जोशी_नेदरलँड्स

बुवा, "जो उशिरा पोचला तरी रडत नाही" हे मी इथल्या ऑफिसात भाषांतर करून सांगणार आहे.

माझं काम रॉटरडॅममध्ये फळांच्या आयातीचं, त्यामुळे हंगामात अर्धा दिवस पिंपळगाव-निफाडच्या लोकांशी फोनवर. द्राक्षांचे थंड कंटेनर इथे उतरले की बहुतेक ट्रकनेच पुढे जातात, वेळ महत्त्वाचा म्हणून. पण त्याच बंदरातून कोळसा आणि लोहखनिज ऱ्हाइनवरून जर्मनीत डुइसबर्गला जातं ते मंदार म्हणाला तसंच, ढकलणाऱ्या बोटी, पुढे चार किंवा सहा बार्ज.

मला मात्र छोट्या बार्जचं आयुष्य जास्त आवडतं. नवरा-बायकोच मालक आणि तेच खलाशी. मागच्या भागात दोन-तीन खोल्यांचं घर, खिडकीला जाळीचे पडदे, कुंड्या, आणि छतावर चक्क मोटार. धक्क्याला लागले की छोट्या क्रेनने मोटार खाली उतरवून दुकानात जातात. मुलं लहान असेपर्यंत बोटीवर, डेकवर त्यांच्यासाठी जाळी लावलेलं अंगण. शाळेचं वय झालं की त्यांच्यासाठी वसतिगृहं आहेत, खास बार्जवाल्यांच्या मुलांसाठी. एक बाई सांगत होती, शुक्रवारी नवरा सुकाणूवर आणि ती मोटार घेऊन मुलांना आणायला. बोट कुठल्या गावाला असेल ते दर आठवड्याला वेगळं.

आणि पाण्याची रड तिथेही आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ऱ्हाइन इतकी आटली की काउब नावाच्या गावची मोजपट्टी २५ सेंटिमीटरवर आली होती. प्रत्यक्ष खोली त्याहून जास्त असते, पण बार्ज एक तृतीयांश भरून न्यावे लागत होते. भाडी भडकली, कारखान्यांनी उत्पादन कमी केलं.

डॉ_चिवडा

म्हणजे काउबची मोजपट्टी हा त्यांचा दुतोंड्या मारुती. शेंदूर लावला की झालं.

वैदेही_क

बुवा, अवांतर: भंडारी काय करून घालायचा? बोटीवरच्या जेवणाबद्दल कुणीच लिहीत नाही.

खलाशीबुवा

ताई, भात आणि माशाची आमटी. सकाळी, दुपारी, रात्री. मासा बार्जच्या मागे गरी टाकून पकडलेला असेल तर पैसे वाचले. सोमवारी डाळ. भंडारी चांगला मिळाला की माणसं बार्ज सोडत नसत, मालक कितीही खडूस असो.

पेणकर_पाटील

जाता जाता सांगतो, बार्ज बघायला मिसिसिपीला जायची गरज नाही. अलिबागला जाताना धरमतरचा पूल लागतो तिथे गाडी कडेला घ्या (पुलावर नको, पोलीस ओरडतात). अंबा नदी, जलमार्ग क्रमांक १०. बाहेर मोठ्या जहाजातून कोळसा आणि लोहखनिज उतरवतात आणि बार्ज ते घेऊन डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्याला येतात. पोराटोरांना सुद्धा भरतीच्या वेळा पाठ, कारण होड्या त्याच पाण्यात. आमच्या कोळी बांधवांची तक्रार असते की बार्जच्या लाटेने जाळी फाटतात आणि पाणी गढूळ होतं, त्यामुळे हे सगळं गोडगोड नाही.

अभ्यासू_अमोघ

इतका वेळ नुसता वाचत होतो. गोदावरीतून महाराष्ट्रात बोटी आणायचा प्रयत्न खरोखर झाला होता, दीडशे वर्षांपूर्वी. म्हणून लिहितो.

आर्थर कॉटन हा इंग्रज इंजिनिअर. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम इथे त्याने गोदावरीवर बंधारा बांधला, १८५२ मध्ये पूर्ण झाला. तिथल्या शेतकऱ्यांत त्याला अजून मान आहे, पुतळे आहेत. पाणी शेतीला आणि कालव्यांतून नावांना असा त्याचा दुहेरी हिशेब. रेल्वेवर पैसे घालवण्यापेक्षा जलमार्ग करा, असं तो आयुष्यभर सांगत राहिला.

त्या काळात वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा होता. म्हणून वरच्या गोदावरीत नौकानयनाची योजना निघाली. आज गडचिरोली जिल्ह्यात आहे ते सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं मुख्यालय होतं. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि देवलमरी. दुम्मागुडेमला बंधारा आणि लॉक बांधलंसुद्धा. पण खर्च वाढत गेला, तापाने माणसं आजारी पडत, आणि तोवर कापूस मुंबईकडे नेणारी रेल्वे नागपूरपर्यंत पोचली होती. १८७१ मध्ये काम सोडून दिलं.

म्हणजे बोटीला रेल्वेने हरवलं. आणि गोदावरीत हा सगळा खटाटोप प्राणहितेच्या संगमापर्यंतचा, जिथे नदी प्रचंड आहे. नाशिकचं तर कुणी नावही काढलं नव्हतं.

नदीमित्र_नाशिक

अमोघ, छान माहिती. पण मला वेगळी भीती आहे. जलमार्ग म्हटलं की गाळ उपसा, काठ बांधा, काँक्रीट करा. रामकुंडाच्या परिसरातल्या तळाच्या काँक्रीटवरून किती वर्षं भांडण चाललंय ते इथल्यांना माहीत आहे. खाली नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. ते जगतं उथळ पाण्यावर आणि गाळावर. तिथून तीन मीटर खोल चर काढणार का?

पाटण्याचा_पाहुणा

बँकेच्या नोकरीत काही काळ पाटण्याला होतो. गंगेवर १६२० किलोमीटरचा जलमार्ग क्रमांक १ आहे, प्रयागराज ते हल्दिया, १९८६ पासूनचा. तिथे सगळीकडे नुसता उपसा करत नाहीत. बांबूचे तट्टे पाण्यात तिरके रोवतात, बंडाल म्हणतात. प्रवाह दोन्ही बाजूंनी आवळला की पाणी मधला गाळ स्वतःच खरवडून नेतं. पूर आला की बांबू वाहून जातात, पुन्हा रोवायचे. स्वस्त आणि शहाणपणाचं काम.

पण सायखेडेकरांच्या उन्हाळ्याच्या मुद्द्याला उत्तर असं की तिथल्या गंगेला हिमालयाचं बर्फाचं पाणी आहे. आपल्या नदीला ब्रह्मगिरी आणि चार महिने पाऊस.

मोलीनचा_मंदार

रात्री झोप येईना म्हणून पंचवटीकरांच्या मूळ प्रश्नाचा हिशेब केला. मिनियापोलिस ते सेंट लुईस या पट्ट्यात मिसिसिपी साधारण ४२० फूट उतरते आणि तेवढ्यासाठी २९ लॉक लागले. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे १८०० फूट धरा. त्यातला भद्राचलमच्या खालचा उतार किरकोळ. तिथल्याच हिशेबाने गेलं तर शंभराहून जास्त लॉक. प्रत्येकाला दीड तास धरला तर कांद्याला वाटेतच कोंब येतील.

अभ्यासू_अमोघ

त्यात वाटेत जायकवाडी. नाथसागराच्या भिंतीत बोटीसाठी लॉक नाही. पुढे आपेगाव, ढालेगाव, मुदगल, विष्णुपुरी, बाभळी, असे बंधारे लागोपाठ. ते पाणी अडवायला बांधलेत, सोडायला नव्हे. लॉकमध्ये प्रत्येक बोटीमागे पेटीभर पाणी खाली जातं. मराठवाड्यात उन्हाळ्यात कुणी हे सुचवून बघावं.

मग नाव यादीत का? संसदेने एखादा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केला की तिथली नौवहनाची व्यवस्था केंद्राकडे जाते, घटनेतल्या केंद्र सूचीतली २४ वी नोंद. बोट उद्या येईल असा त्याचा अर्थ होत नाही.

ट्रान्सपोर्टवाला

चला, माझा धंदा वाचला.

नदीमित्र_नाशिक

आणि माझे पक्षी.

पंचवटीकर

हरकत नाही, हिशेब पटला. तरी मला वाटतं गंगापूर धरणापलीकडे छोट्या प्रमाणात काही करता येईल. माल नको, माणसं. नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यात नुसती वल्ह्याची नाव, इंजिन नाही, भोयांच्या पोरांना रोजगार. नदीमित्र, याला तरी चालेल का?

नदीमित्र_नाशिक

नको. हिवाळ्यात पक्षी उतरतात तेव्हाच पर्यटक येणार आणि नाव थव्यात घालणार. काठावरचे मनोरे आहेत, दुर्बीण घ्या.

सायखेडेकर

दोघंही एकदा पुराच्या वेळी या. गावातली पोरं रबरी बोट घेऊन म्हातारीकोतारी बाहेर काढतात. सरावाला बोट वर्षभर पाण्यात राहिली तर पोरांचा हात बसेल. नदीवरची नोकरी म्हणाल तर आमच्याकडे आत्ता तेवढीच आहे आणि तिला पगार नाही. चांगली इंजिनं आणि लाइफजॅकेट मिळवून देता आली तर व्यनि (खाजगी निरोप) करा, जलमार्गाचं नंतर बघू.

पंचवटीकर

दादा, व्यनि केलाय. माझ्या ओळखीत एक-दोन जण आहेत.

खलाशीबुवा

इंजिन बघायचं असेल तर मला न्या. गुडघे दुखतात, पण काठावर खुर्ची टाकून पोरांना शिकवीन.

वैदेही_क

सगळ्यांचं वाचून बोटीत बसायची इच्छा झाली आहे. राजमहेंद्रीहून पापीकोंडालूच्या डोंगरांमधून जाणारी जी लाँच निघते ती कुणी केलीय का? आईला घेऊन जायचंय, तिला पोहता येत नाही.

पाटण्याचा_पाहुणा

मी केलीय. पावसाळ्यात पूर असला की बंद असते, नोव्हेंबरनंतर जा. २०१९ मध्ये तिथे लाँच बुडून बरेच लोक गेले, त्यामुळे लाइफजॅकेट अंगात घालून बसा, मांडीवर ठेवून नको. आईंना खालच्या मजल्यावर खिडकीपाशी बसवा, वर ऊन फार लागतं. जेवण लाँचवरच मिळतं, लोणच्याला आधी जीभ लावून बघा आणि मगच वाढून घ्या.